ट्रक आधी पोचणार की क्वार्टर आधी मिळणार?

पत्र असं आहे:

"काकू नमस्कार, आम्ही देवळालीला मॅरिड क्वार्टरमध्ये राहतो, मिस्टर तोफखान्यात हवालदार आहेत. त्यांची पोस्टिंग बिन्नागुडीला आलीय, पश्चिम बंगालमध्ये. ते 10 जूनला पुढे जाणार. मागे मी, मुलगी केंद्रीय विद्यालयात (केव्हीत) चौथीला आणि मुलगा अडीच वर्षांचा. लग्नाला इतकी वर्षं झाली पण सामान एकदाच हललं, तेही गावाहून देवळालीला टेम्पोत. आता तर दोन हजार किलोमीटरच्या वर जायचंय. सासूबाई म्हणतात सगळं सामान साताऱ्याला गावी आणून टाक, तूही इथेच रहा, पोरीला इथल्या शाळेत घालू. मी शिलाई करते, फॉल-पिको, ब्लाउज, त्याचे चार पैसे मिळतात. काय न्यायचं काय विकायचं सुचत नाही, रात्र रात्र झोप नाही. मशीन पण विकून टाकू का?"

मशीन विकू नकोस गं. बाकीचं नंतर बोलू, पण हे आधी सांगते म्हणजे आज निदान त्याच्यासाठी तरी जागी राहणार नाहीस. नवीन स्टेशनला, म्हणजे बदलीच्या छावणीत, गेल्यावर महिनाभरात दोन-तीन बायका ब्लाउज घेऊन दारात येतात आणि तिथूनच ओळखी सुरू होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या शेजारी एक नगरकडची मुलगी होती, हिंदी बोलायला लाजायची, पण मशीन सुरू झालं आणि सहा महिन्यांत अख्ख्या लाइनीत तिला ओळखत नाही असं कुणी उरलं नाही.

मिस्टर सुभेदार होऊन रिटायर झाले तोपर्यंत मी नऊ वेळा घर हलवलं. पहिल्या दोन बदल्यांत मीही तुझ्यासारखीच सुरुवात केली, म्हणजे काय न्यायचं काय टाकायचं इथून, भांडी कागदात गुंडाळायला घेतली आणि तिथेच चुकलं. बदली म्हटली की आपल्या डोळ्यासमोर ट्रक येतो, पण खरा घोळ सामानाचा नसतो तर तारखांचा असतो. तुझ्या पत्रात 10 जून आहे, शाळा आहे, मशीन आहे, पण तिकडे क्वार्टर कधी मिळणार याबद्दल एक शब्द नाही. आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे बघ.

तिकडचं क्वार्टर स्टेशन हेडक्वार्टरच्या (छावणीच्या मुख्य ऑफिसच्या) सिनियॉरिटी लिस्टप्रमाणे मिळतं, मिस्टर तिकडे हजर झाले, नाव चढलं, मग नंबर लागतो. कधी आठ दिवसांत मिळतं, कधी दोन-तीन महिने जातात. ट्रकला ते माहीत नसतं, तो भरला की निघतो. आमच्या तिसऱ्या बदलीत ट्रक आधी पोचला आणि क्वार्टर नव्हतं, सगळा संसार युनिटच्या स्टोअरच्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली एकोणीस दिवस पडून होता आणि नेमका पावसाळा, गाद्या गेल्या, पुस्तकं गेली, लग्नातला अल्बम गेला. आणि त्याच्या पुढच्या वेळी उलटं झालं, क्वार्टर लगेच मिळालं पण ट्रक अकरा दिवस उशिरा आला, आणि मी शहाणपणाने (तेव्हा मला तसं वाटलं होतं) सगळी कागदपत्रं "नीट" राहावीत म्हणून चार नंबरच्या पेटीत कुलूप लावून ठेवली होती. मुलाची टीसी त्या पेटीत, लसीचं कार्ड त्या पेटीत, जन्मदाखला त्या पेटीत. अकरा दिवस पोरगं घरी बसलं. त्या रात्री मी रडले होते, अजून आठवतंय.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. बदल्या दोन असतात, एक माणसांची आणि एक सामानाची, दोन्ही वेगवेगळ्या ठरव. माणसांनी जे सोबत न्यायचं त्यात पंधरा दिवसांचं घर चाललं पाहिजे, मग ट्रक लवकर येवो की उशिरा, तुझा जीव टांगणीला लागणार नाही. आणि क्वार्टरचा नंबर हातात आल्याशिवाय ट्रक भरायचा नाही.

आता तू म्हणशील काकू, देवळालीचं क्वार्टर सोडावं लागणार ना. हो, पण मिस्टर निघायच्या आधी ते थोडे दिवस ठेवायचा अर्ज करता येतो, त्यांनी स्टेशन हेडक्वार्टरला जाऊन नीट विचारून लेखी अर्ज द्यायचा, तोंडी "देख लेंगे" वर विसंबायचं नाही. अर्ज ते स्वतः इथे असताना झाला पाहिजे, मागे तू एकटी दोन पोरं घेऊन ऑफिसच्या चकरा मारत बसशील तर फार त्रास होईल.

सासूबाईंचं बोलू. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, नातवंडं दोन हजार किलोमीटर लांब जाणार म्हटल्यावर कुठल्या आजीच्या पोटात कालवणार नाही. पण त्यांचं अर्धं ऐक आणि अर्धं ऐकू नकोस. तू आणि मुलं सुट्टीत साताऱ्याला जाऊन रहा, क्वार्टरचा निरोप येईपर्यंत, त्यांनाही बरं वाटेल आणि तुलाही दोन घास आयते मिळतील. सामान मात्र साताऱ्याला नेऊ नको. एकदा देवळालीहून साताऱ्याला आणि मग साताऱ्याहून बंगालला म्हणजे दोनदा भरणं, दोनदा उतरवणं, दोनदा हमाली, आणि सरकारकडून पैसे मिळणार ते जुन्या स्टेशनपासून नव्या स्टेशनपर्यंतच्या हिशोबानेच, मधला फेरा तुमच्या खिशातून. जे कायमचं गावीच ठेवायचं तेवढंच टेम्पोत घालून गावी पाठव.

आणि मुलीला गावच्या शाळेत घालू नकोस. हे मी जोर देऊन सांगतेय. केव्हीतून केव्हीत वडिलांच्या बदलीवर जाताना केव्हीची टीसी आणि बदलीची ऑर्डर दाखवली की ॲडमिशन होते, तिथे नव्याने रांगेत उभं राहावं लागत नाही. एकदा ती साखळी तोडून दुसऱ्या शाळेत घातलं की परत केव्हीत यायचं तर रिकामी जागा आणि नंबर बघावा लागतो. बिन्नागुडीला केव्ही आहे, आर्मी पब्लिक स्कूलही आहे. टीसी पण घाईने काढू नको, तिकडे जायचं नक्की झालं की काढ, आणि काढलीस की त्याचे लगेच फोटो आणि चार झेरॉक्स.

शिवाय एक गोष्ट, जी मी सासूबाईंना तुझ्या तोंडून नाही तर मिस्टरांच्या तोंडून सांगायला लावेन. बिन्नागुडी फॅमिली स्टेशन आहे, म्हणजे बायका-मुलांना सोबत ठेवता येतं. फौजीच्या नोकरीत बापाला पोरांसोबत राहायचे दिवस मोजकेच मिळतात, पुढे फील्ड पोस्टिंग आली की तसंही तुम्हाला मागे राहावंच लागणार आहे, तेव्हा सेपरेटेड फॅमिलीसाठीचं क्वार्टर किंवा गाव, दोन्ही वाटा मोकळ्या असतात, आणि बाप नॉन-फॅमिली स्टेशनला असला तर मुलं जिथे राहतात तिथल्या केव्हीत टीसीवर घेतात. तुझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. ही दोन-तीन वर्षं त्याला बाप रोज संध्याकाळी घरी येताना दिसला पाहिजे गं.

आता कागदांची पिशवी. एक जाड कापडाची पिशवी तूच शिव, चेनवाली, खांद्याला अडकवता येईल अशी, आणि ती ट्रकमध्ये जाणार नाही, हमालाच्या हातात जाणार नाही, रेल्वेत सीटखाली जाणार नाही. त्यात पोस्टिंग ऑर्डर आणि मूव्हमेंट ऑर्डरची कॉपी, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, आधार, शाळेची टीसी आणि मागचे रिझल्ट, लसीची कार्डं, डिपेंडंट कार्ड, एमएचमधले (मिलिटरी हॉस्पिटलमधले) सगळे जुने कागद (कुणाला दमा, ॲलर्जी, चष्मा काही असेल तर ते वरती), कॅन्टीनचं कार्ड, बँक पासबुकं, गाडीची आरसी आणि इन्शुरन्स, गॅसचे कागद, दागिन्यांची छोटी डबी. सगळ्याचे फोटो मोबाईलवर आणि मिस्टरांच्या मोबाईलवरही. त्याच पिशवीत एक शंभर पानी वही, तिचं काम पुढे सांगते.

सोबतच्या बॅगांमध्ये काय, तर एक छोटा कुकर, तवा, चार ताटं-वाट्या-ग्लास, इंडक्शन, चहा-साखर-तांदूळ-डाळ-तिखट-मसाला थोडा थोडा, दोन गोधड्या, दोन चादरी, टॉवेल, प्रत्येकाचे पाच जोड कपडे, मच्छरदाणी, टॉर्च, एक बल्ब, छोटं कुलूप, दोरी आणि मुलाचं जे कुठलं खेळणं घेतल्याशिवाय तो झोपत नाही ते. मच्छरदाणी विसरू नको, तो डुआर्सचा, म्हणजे उत्तर बंगालमधल्या डोंगरपायथ्याचा भाग आहे. रेल्वे वॉरंटवर (फौजेकडून मिळणाऱ्या प्रवासाच्या कागदावर) तुमच्या पगाराच्या लेव्हलला थर्ड एसी मिळतं, नाशिक रोडहून न्यू जलपायगुडीपर्यंत दोन रात्री धर, तिथून पुढे गाडीने दोन-अडीच तास, दोन्ही बाजूंना चहाचे मळे. मुलांना आवडेल बघ तो रस्ता.

पैशाचं थोडक्यात सांगते. हवालदार म्हणजे लेव्हल 5, त्याला 3000 किलोपर्यंत सामान न्यायची परवानगी आहे, रस्त्याने नेलं तर किलोमीटरमागे रेट ठरलेला असतो (सातव्या वेतन आयोगात मूळ 25 रुपये, 2024 मध्ये महागाई भत्ता 50 टक्के झाल्यावर त्यात 25 टक्के वाढ झाली), पण तेवढे मिळतातच असं नाही, खरा खर्च आणि तुमची मर्यादा यात जे कमी ते मिळतं. याशिवाय ट्रान्सफर ग्रँट, बेसिकच्या 80 टक्के. म्हणजे बेसिक 40000 असेल तर 32000. निघायच्या आधी ॲडव्हान्स घेता येतो, तो घ्यायला सांग, उधारी करून बदली करू नका. ट्रकचं पक्कं बिल, बिल्टी (ट्रकवाल्याची मालाची पावती), वजन, गाडी नंबर, पैसे दिल्याची पावती, हे सगळं त्या वहीत चिकटवत जायचं, आणि तिकडे पोचल्यावर क्लेम लगेच भरायचा, 60 दिवसांच्या आत झालाच पाहिजे असं डोक्यात धरून चाल. मोठी रक्कम असते, आणि हेड क्लार्ककडे नीट कागद गेले तर अडत नाही, कागद एक जरी कमी असला तरी फाइल परत येते आणि परत आलेली फाइल मागे पडते.

ट्रक शोधताना इंटरनेटवर पहिलं नाव दिसलं म्हणून फोन लावू नको. मोठ्या कंपन्यांच्या नावासारखी नावं घेऊन बसलेले भरपूर आहेत, सामान भरलं की मध्येच थांबवून जास्त पैसे मागतात. युनिटमधून गेल्या वर्षभरात कोण तिकडे गेलं ते विचार आणि त्यांचाच ट्रकवाला घे. तुझं सामान दीड टनापेक्षा जास्त भरणार नाही बहुतेक, तेव्हा तिकडेच जाणारं दुसरं कुटुंब मिळालं तर दोघांत एक ट्रक करा. पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत पाठवलं तर, स्वस्त पडतं खरं पण मध्ये कुठेतरी माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवतात आणि पावसाळ्यात ते नको वाटतं मला. ट्रान्झिट इन्शुरन्स घे, आणि भरण्याआधी प्रत्येक मोठ्या वस्तूचा फोटो.

विकायच्या वस्तूंचं म्हणशील तर शेजारीपाजारी आणि कॉलनीच्या ग्रुपवरच विक. ऑनलाइन टाकलंस आणि कोणी म्हणालं की पैसे पाठवतो हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, तर फोन ठेवून दे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. आणि "बदली झाली म्हणून विकतोय" असं युनिटच्या आणि नव्या जागेच्या नावासकट कुठेही लिहू नको, स्टेटसला पण नाही.

काय न्यायचं यात तिथल्या हवेचा विचार कर. डुआर्समध्ये जून ते सप्टेंबर पाऊस थांबता थांबत नाही, दमट इतकं की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कापसाच्या गाद्या नेऊ नको, ओल धरतात, गावी ठेव. प्लायवूडचं कपाट, टीव्हीचं युनिट फुगून जातं, ते विकून टाक. लोखंडी पलंग, लोखंडी कपाट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या ने. सासूबाईंनी दिलेली तांब्या-पितळेची मोठी भांडी गावी राहू देत, एक तांब्या आणि एक पातेलं ने, त्यांना सांग की रोजच्या वापराला नेलंय, त्यांना ते आवडेल. लोणच्याच्या बरण्या पूर्ण भरून नको, सांडल्या की बाकीचं सगळं वाया जातं, अर्धा किलो स्टीलच्या घट्ट डब्यात घालून सोबत ने.

पेट्या घे. पुठ्ठ्याचे खोके एका पावसात बसतात, पत्र्याची काळी पेटी वीस वर्षं टिकते आणि तिकडे दोन पेट्या जोडून वर गादी टाकली की दिवाण झाला, माझ्या घरात सोफा आला तो रिटायरमेंट नंतर. आतून जाड प्लॅस्टिक अंथर, कपड्यांत डांबराच्या गोळ्या नाहीतर कडुनिंबाचा सुकलेला पाला. प्रत्येक पेटीला पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर, आणि त्या वहीत एका पानावर एक पेटी, आत काय आहे ते सगळं लिहायचं. पेटीवर "भांडी" "साड्या" असं लिहायचं नाही, फक्त नंबर. एक नंबरच्या पेटीत पहिल्या दिवशी लागणारं, ती ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवायला लाव म्हणजे सगळ्यात आधी उतरेल. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळण्यापेक्षा टॉवेल आणि जुन्या साड्यांत गुंडाळ, दोन्ही कामं होतात. फ्रिज दोन दिवस आधी बंद करून कोरडा कर, उभाच न्यायचा, तिकडे उतरवल्यावर लगेच चालू करायचा नाही, काही तास तसाच उभा राहू दे.

मशीनचं तुला मी काय सांगणार, तरी सांगते, सुई आणि बॉबिन केस काढून वेगळ्या डबीत, पट्टा सैल, वरचा भाग टेबलावरून सोडवून गोधडीत घट्ट बांधून गोणपाटात शिव आणि चांगल्यापैकी मोठ्या पेटीत बसव, त्याभोवती कापडाचे तागे भर. मोटर वेगळी. पायाचा स्टँड तसाच जाऊ दे. आणि कॉलनीतल्या बायकांचे शिवायला आलेले कपडे मे संपायच्या आत देऊन टाक, नवीन घेऊ नको, शेवटच्या आठवड्यात कुणाचा तरी ब्लाउज राहतोच आणि मग दोघींनाही मनाला लागतं.

क्वार्टर सोडताना मार्चिंग आउट होतं, एमईएसची (लष्कराच्या बांधकाम खात्याची) माणसं येऊन पंखे, नळ, काचा, गिझर सगळं मोजतात, आत येताना सही केलेल्या लिस्टशी जुळवतात. ती जुनी लिस्ट आत्ताच शोध. फुटलेली काच, गळका नळ दहा दिवस आधी कंप्लेंट करून दुरुस्त करून घे, नाहीतर पैसे कापतात आणि नो ड्यूज अडतं. गॅसचं सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीला जमा करून व्हाउचर घे, डिपॉझिट परत मिळतं, तिकडे त्याच कागदावर नवं कनेक्शन. भरलेलं सिलिंडर ट्रकमध्ये चढवायचं नाही, कुणी कितीही म्हणालं तरी. स्कूटर असेल तर रेल्वे पार्सलने जाते, टाकी पूर्ण रिकामी करून, आरसी-इन्शुरन्सची कॉपी देऊन. ती वर्षापेक्षा जास्त तिकडे राहणार म्हणजे इथल्या आरटीओची एनओसी घेऊन ठेवा.

मुलीबद्दल तू फक्त शाळेचं लिहिलंस. नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रिणी असतात, त्यांचा निरोप नीट होऊ दे. एक छोटी पेटी तिच्या नावाची कर, आत काय भरायचं ते तिने ठरवायचं, नंबरही तिनेच रंगवायचा, त्यात तू दगड-शिंपले सापडले म्हणून काढून टाकायचे नाहीत. चार मराठी गोष्टींची पुस्तकं घाल, तिकडच्या शाळेत मराठी नाही, आजीला पत्र लिहायला लाव, नाहीतर दोन वर्षांत वाचायला अडखळेल. हत्तींचं तिला आधीच सांग, तिथे जंगलातले हत्ती कॅन्टोन्मेंटमध्ये येतात, संध्याकाळनंतर बाहेर फिरायचे तिथले नियम असतात ते पाळायचे, शेजारच्या बायका पहिल्याच दिवशी सांगतील. तिला भीती नाही वाटणार, उलट कधी एकदा बघते असं होईल.

दारातली तुळस शेजारणीला दे, मंजिऱ्या सुकवून पुडीत बांध आणि कागदांच्या पिशवीतच ठेव.

आणि आज रात्री मिस्टर घरी आले की त्यांना दोनच गोष्टी विचार, बाकी काही नको. बिन्नागुडीला त्यांच्या ओळखीचं आत्ता कोण आहे आणि तिथे हवालदारांच्या क्वार्टरची लिस्ट सध्या कितीवर अडलीय. तो आकडा कळला की मला परत लिही, मग ट्रकची तारीख आपण दोघी मिळून ठरवू.